मुलीच्या लग्नाचा आहेर, ठेकेदाराच्या वीस चादरी आणि वर्तणूक नियम

फौजी_होटगीरोड | रविवार, रात्री ९:१०

रामराम मंडळी.

सतरा वर्षं तोफखान्यात होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. माजी सैनिकांच्या पंधरा टक्क्यांतून राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक झालो, त्याला आता सहा वर्षं झाली. कार्यालय कोणतं ते विचारू नका. बिलांचं टेबल माझ्याकडे आहे. एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरून आली की कागद जुळवायचे, टिपणी लिहायची, फाइल वर सरकवायची. सही माझी नसते, पण माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय फाइल पुढे हलत नाही.

पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. काल संध्याकाळी एक ठेकेदार घरी आला. ओळख आजची नव्हे. त्याचे वडील आणि माझे वडील मोहोळ तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच भजनात टाळ वाजवणारे. पोराकडून टेम्पोतून गठ्ठा उतरवून घेतला. वीस चादरी. आपल्या सोलापुरी, मयूरपंखी, चांगल्या वजनदार. "मानपानाला लागतातच, बाजारात कशाला हेलपाटे घालायचे," म्हणाला. चहा घेतला. निघताना देवापुढे पाकीट ठेवून नमस्कार केला. आत अकरा हजार.

त्याचं साडेचार लाखांचं बिल माझ्या टेबलावर आहे. बिलात काही खोट नाही, मी दोनदा तपासलंय. त्यानं बिलाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. आमच्या मंडळी म्हणतात, लग्नघरी आलेला आहेर आहे, परत केला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

झोप येईना, कारण मला राशन स्टँड, म्हणजे युनिटचं शिधा घ्यायचं ठिकाण, आठवतोय. युनिटला भाजीचा ठेकेदार पहाटे गाडी घेऊन यायचा. सोबत त्याची स्टीलची किटली. आमच्या सुभेदार साहेबांचा एकच हुकूम होता: त्याच्या किटलीतला चहा प्यायचा नाही. आम्ही हसायचो. दोन रुपयांचा चहा! एकदा आमच्यातल्या एका नायक हुद्द्याच्या जवानानं प्याला. चार दिवस रोज प्याला. पाचव्या दिवशी फ्लॉवर सडका आला आणि त्याला तो परत पाठवायला जीभ रेटेना. साहेब काही बोलले नाहीत, फक्त किटलीकडे बघितलं.

तर प्रश्न असा, की चादरी आणि पाकीट हा आहेर की आणखी काही? आणि आता करू काय?


तात्या_मोहोळ | रविवार, रात्री ९:३२

फौजी, डोकं फार चालवायलाय तुम्ही. लग्नात आहेर येणार नाही तर काय नोटीस येणार? टॉवेल-टोपी, चादर, पातळ ही आपल्याकडची रीतच आहे. उद्या त्याच्या पोराच्या लग्नात तुम्ही तेवढ्याचा आहेर करा, फिटलं. आलेला आहेर उंबऱ्यावरून परत पाठवणं म्हणजे माणसाच्या थोबाडीत मारणं आहे. नियम लिहिणारे कधी गावात लग्नाला गेलेत का?


शेंगाचटणी | रविवार, रात्री ९:४१

अकरा हजारात बिल पास? आमच्याकडून जास्त घेतात राव. तुम्ही बाजारभाव पाडायलाय.

(गंमत केली. घेऊ नका. पाकीट पण, मनावर पण.)


रेल्वेलाइन्स_काका | रविवार, रात्री १०:२०

मी रेल्वेतून निवृत्त. शेवटची बरीच वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद सांभाळण्यात गेली, म्हणून हे नियम तोंडपाठ आहेत. निवृत्त माणसाला दुसरं काम काय.

आधी कोणाला कोणते ते बघा. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे नियम. आम्हा रेल्वेवाल्यांना १९६६ चे. आयएएस-आयपीएस मंडळींना १९६८ चे. जिल्हा परिषदेच्या लोकांना १९६७ चे. फौजी, तुम्हाला लागू होतात ते महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. भाषा थोडी इकडची तिकडची, गाभा एकच: सचोटीत कसूर नको, कर्तव्यात ढिलाई नको, आणि सरकारी नोकराला न शोभणारं काही करायचं नाही.

आता आहेर. तात्या म्हणतात तसं नियम लिहिणारे लग्नाला गेले नव्हते असं नाही. केंद्राच्या नियमात लग्न, वर्धापनदिन, अंत्यविधी, धार्मिक कार्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा प्रसंगी रीतीप्रमाणे आलेली भेट घेता येते. ठरावीक रकमेच्या वर गेली तर सरकारला कळवायचं. ती रक्कम गट अ ला २५,०००, गट ब ला १५,०००, गट क ला ७,५००. राज्याचे आकडे तुमच्या आस्थापनेतून घ्या, ताजा शासन निर्णय मागा.

लोक इथेच गफलत करतात. आमच्याकडे एक जण छातीठोकपणे सांगायचा, "साडेसात हजारांपर्यंत चालतंय." अरे, ती मर्यादा जवळच्या नातेवाइकांसाठी आणि ज्यांचं तुमच्याशी कचेरीतलं काही काम नाही अशा मित्रांसाठी आहे! मामानं अंगठी घातली, ती महाग निघाली, तर कळवा, इतकाच त्याचा अर्थ. ज्याची फाइल तुमच्या टेबलावर आहे, तो त्या वाक्यात बसतच नाही. मग तो गाववाला असो की भजनातला.

आणि भेट म्हणजे फक्त वस्तू नव्हे. फुकट प्रवास, राहणं, जेवणखाण, कोणताही पैशातला फायदा, सगळं त्यात येतं. सहज एखादं जेवण, वाटेत गाडीत दिलेली जागा, साधा पाहुणचार यांना सूट आहे. पण ज्याचं काम तुमच्याकडे आहे त्याचा भारी पाहुणचार किंवा वारंवार पाहुणचार टाळायचा, असंही तिथंच लिहिलंय. हे "वारंवार" म्हणजे तुमच्या सुभेदार साहेबांची किटली.


तात्या_मोहोळ | रविवार, रात्री १०:३४

मग हुरडा पार्ट्यांचं काय हो काका? जानेवारी उजाडला की कुठल्या कुठल्या शिवारात कोणत्या कोणत्या पाट्यांच्या गाड्या उभ्या असतात, ते आम्ही शेतकरी बघतोच की. तिथं कोणाचा नियम?


रेल्वेलाइन्स_काका | रविवार, रात्री १०:५१

तात्या, तुमच्या शेतात मी हुरडा खायला आलो, तुमचं माझ्याकडे काही काम नाही, तर तो हुरडा. सोबत गूळ, दही, शेंगाचटणी (खाण्याची, वरची नव्हे) सगळं चालेल.

ज्याची निविदा उघडायची आहे त्याच्या शेतात आख्खी शाखा गेली, त्यानं गाड्या पाठवल्या, संध्याकाळी मटण आणि "बाकीचं", तर कणीस तेच, ज्वारी तीच, पण तो हुरडा राहत नाही.


वकील_पार्कचौक | सोमवार, सकाळी ७:१५

काकांनी वर्तणूक नियम सांगितले, त्यात कसूर झाली तर विभागीय चौकशी होते. मी पलीकडचं सांगतो, कारण धाग्यावर कोणी ते बोललेलंच नाही.

फौजी, "मी त्याचं वाकडं काम केलं नाही, बिल सरळ आहे" यावर तुमची भिस्त दिसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये कलम ११ आहे. ज्या माणसाचं काम तुमच्यासमोर चालू आहे किंवा येणार आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्याच्याकडून मोबदला न देता किंवा अपुरा मोबदला देऊन काही फायदा घेतला, तर तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. बिल वाकडं होतं की सरळ, हा प्रश्नच त्यात येत नाही.

कलम ७ त्याहून कडक, तीन ते सात वर्षं. २०१८ च्या दुरुस्तीत त्याखाली एक उदाहरण घातलंय: कोणी कर्मचारी रेशनकार्डाचा नेहमीचा अर्ज वेळेत करून द्यायला पाच हजार मागतो. म्हणजे अर्जदाराचा जो हक्कच आहे, तेच करायला पैसे. तरीही गुन्हा. "मी नियमाबाहेर काही केलं नाही" हा बचाव तिथंच संपतो.

त्याच दुरुस्तीनं देणाराही अडकला. लाच देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवलं की तो सुटतो. तेव्हा तुमच्या गाववाल्याचं भलं चिंतत असाल तर त्याच्याही गळ्यातून हे काढा.

पाकिटाला हात लावलाय का? देवापुढेच आहे का अजून? लाच पकडायच्या सापळ्याच्या नोटांना पावडर असते आणि हात धुतले की पाणी रंगतं, हे सगळ्यांना सिनेमामुळे माहीत आहे. इथे सापळा नाही, मान्य. पण दोन वर्षांनी त्याचं-तुमचं बिनसलं तर हेच पाकीट कोणत्या भाषेत सांगितलं जाईल, याचा विचार आज करा.


शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ७:४०

वकीलसाहेब, सकाळी सातला एवढं? फौजी पोहेसुद्धा खाणार नाही आता.

एक खरं सांगतो. आमच्या ऑफिसात एक माजी सैनिक आहे. त्याला बिचाऱ्याला साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे एकच विचारतात, "कॅन्टीनची एक बाटली आण की." त्याचं मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड म्हणजे आमचं सार्वजनिक वाचनालय. कॅन्टीनचा माल असा बाहेर द्यायचा नसतो, म्हणे. हे कोणत्या नियमात बसतं, फौजी?


फौजी_होटगीरोड | सोमवार, दुपारी १:४५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

शेंगाचटणी, कॅन्टीनचा कोटा कार्डधारकाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या वापरासाठी असतो. बाहेर विकला तर कार्ड जातं. मला पहिल्याच महिन्यात विचारलं गेलं होतं. मी सांगितलं, "साहेब, मी पीत नाही, कोटा उचलत नाही." पहिलं खरं आहे.

सैन्यात सोपं होतं, असं कोणी समजू नये. तिथंही माणसंच असतात. पण तिथं एक कलम होतं, सेना अधिनियम १९५० मधलं कलम ६३. शिस्त आणि सुव्यवस्थेला बाधक असं काहीही. "काहीही"! भरतीनंतर ट्रेनिंगमध्ये उस्ताद सांगायचे, बाकी कलमं विसरलात तरी चालतील, हे विसरू नका, कारण जे कशात बसत नाही ते यात बसतं. सात वर्षांपर्यंत कैद. अधिकारी आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे) वर आणखी कलम ४५, हुद्द्याला न शोभणारं वर्तन. त्यामुळे हे चालतं का ते चालतं का, अशी कीस काढायची सवयच लागली नाही. शंका आली की समजायचं, बसतं.

इकडे आल्यावर उलट झालं. इथे प्रत्येकाला नियमातली फट माहीत आहे, नियम कोणाला माहीत नाही. पहिल्या दिवाळीला माझ्या टेबलावर मिठाईचे सात बॉक्स होते. मी विचारलं, हे कोणाचे? शेजारचे म्हणाले, "तुमचेच, खुर्चीला येतात." हे "खुर्चीला येतात" मला आजपर्यंत पचलेलं नाही.

वकीलसाहेब, पाकीट देवापुढेच आहे. आमच्या मंडळींनी त्यावर हळदकुंकू वाहिलंय.


अनामिका_बार्शी | सोमवार, रात्री ११:०५

मी इथे फक्त वाचते. हा धागा वाचून पहिल्यांदा लिहितेय.

माझे वडील ठेकेदार होते. लहानसे. रस्त्याची डागडुजी, शाळेच्या खोल्या, मोऱ्या. आता नाहीत. ते गेल्यावर कपाट आवरताना त्यांची एक वही सापडली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, मार्केट यार्डात मिळते तशी. मला वाटलं, उधारी असेल.

प्रत्येक कामाला एक पान. वर कामाचं नाव, खाली सिमेंट, खडी, डिझेल, मजुरी. आणि शेवटी एक ओळ, "इतर". "इतर"च्या खाली बारीक अक्षरात नावं. दिवाळी, अमुक साहेब, ड्रायफ्रूट. तमुक भाऊसाहेब, मुलाची मुंज, चांदीची वाटी. एकाच्या आईच्या तेराव्याला दिलेलं तांदळाचं पोतंसुद्धा. सगळ्याची बेरीज करून त्या कामाच्या खर्चात धरलेली.

त्यातली अर्धी माणसं मी ओळखते. आमच्या घरी जेवलेली आहेत, मी त्यांना काका म्हणायचे. त्यांच्यातले दोघे-तिघे खरोखर सज्जन होते, त्यांनी कधी काही मागितलं नसणार. त्यांना तो आहेर वाटला असेल. बाबांनी तो खडी आणि डिझेलच्या खाली लिहिला होता.

तात्या, तुमचा राग मला कळतो. बाबाही असंच म्हणायचे, नाही कसं म्हणायचं, माणसं दुखावतात. पण आम्ही कोणाकडे मनापासून जो आहेर केला, मावशीच्या मुलीला, शेजारच्या भाभीच्या लेकाला, तो त्या वहीत नाही. मी पुन्हा पुन्हा शोधला. तो त्यांनी कुठंच लिहून ठेवला नव्हता.


तात्या_मोहोळ | सोमवार, रात्री ११:२८

ताई, काही बोलत नाही.


सातासमुद्रापारचा_सोलापूरकर | मंगळवार, पहाटे ४:५०

(आमच्याकडे संध्याकाळ आहे.) मूळचा अशोक चौकातला, आता अमेरिकेत. बायको इथल्या एका लष्करी रुग्णालयात नागरी परिचारिका आहे. तिला दरवर्षी हे शिक्षण देतात, म्हणून मलाही पाठ झालंय.

इथे संरक्षण खात्यात वर्दीतला माणूस आणि नागरी कर्मचारी या दोघांना वर्तनाचे एकच नियम लागू होतात, १९९३ पासून. ज्याचं खात्याशी काम आहे अशा बाहेरच्याकडून एका वेळेला २० डॉलरपर्यंतची वस्तू घेता येते, आणि एकाच ठिकाणाहून वर्षभरात मिळून ५० डॉलर. त्यात रोख कधीच नाही, एक डॉलरही नाही. कॉफी आणि डोनट ही भेट धरत नाहीत, पण तेच जेवण झालं की धरतात. म्हणजे चहा-खारी मोजत नाहीत, थाळी मोजतात! साहेबाला द्यायच्या भेटीवरही बंधन आहे, अधूनमधून दहा डॉलरपर्यंत. लग्न किंवा निवृत्तीला त्याहून थोडं सैल.

पण मला आकडे सांगायचे नाहीत. मला आवडली ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक खात्यात सल्ला द्यायला एक नेमलेला माणूस असतो. त्याला आधी जाऊन सगळं खरं खरं सांगितलं, आणि त्यानं दिलेल्या सल्ल्यानं प्रामाणिकपणे वागलात, तर नंतर तो सल्ला चुकीचा ठरला तरी खातं तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई करत नाही. बायकोला एका रुग्णाच्या नातेवाइकांनी हातानं विणलेली शाल दिली होती. तिनं फोन केला, पाच मिनिटांत उत्तर मिळालं, ठेवा.

फौजीदादा एवढा साधा प्रश्न घेऊन अनोळखी लोकांच्या धाग्यावर आलेत, हेच मला खटकतंय. तुमच्या कार्यालयात हे कोणाला विचारायचं असतं?


शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ८:०२

विचारायचं असतं. पण ज्याला विचारायचं त्याच्याकडे आधीच चाळीस चादरी गेलेल्या असतात.


रेल्वेलाइन्स_काका | मंगळवार, सकाळी ९:३०

शेंगाचटणीचं बोलणं तिखट असलं तरी अगदीच खोटं नाही. तरीही विचारा, आणि लेखी विचारा. तोंडी विचारलेलं वाऱ्यावर जातं. आवक क्रमांक (कार्यालयाच्या नोंदवहीतला नंबर) पडला की कागदाला पाय फुटत नाहीत.

साहेबांच्या भेटीवरून आठवलं. निवृत्तीच्या निरोप समारंभाची वर्गणी! १९६४ च्या नियमात साफ लिहिलंय की निरोपासाठी कोणावर वर्गणीचा दबाव आणायचा नाही, आणि वरच्या गटातल्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी खालच्या गट क, गट ड च्या लोकांकडून वर्गणी गोळाच करायची नाही. मी हे माझ्या एका साहेबाला वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "छान आहे, फ्रेम करून लावू या." साहेबांना सोन्याची चेन मिळाली. शिपायांचे पाचशे पाचशे त्यात होते.

कार्यालयातल्या सत्यनारायणाचंही तेच. पूजा कर्मचाऱ्यांची, शिऱ्याचं तूप ठेकेदाराचं.


मंगळवेढेकरीण | मंगळवार, दुपारी ३:१५

मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. बायकांच्या नावावर चालणाऱ्या एजन्सीबद्दल कोणीच बोलेना. नवरा नोकरीत, बायको विमा एजंट, आणि नवऱ्याच्या टेबलासमोरून जाणारा प्रत्येक जण "स्वखुशीनं" पॉलिसी काढतो. केंद्राच्या नियमात घरच्या कोणाचा धंदा किंवा विमा एजन्सी असेल तर ती कळवावी लागते. पॉलिसी काढणारा काही देतो का? नाही. हप्ता भरतो, पावती मिळते, सगळं पांढरं. चादरीवर एवढी चर्चा करता, ह्याच्यावरही करा.

आणि आषाढीला पंढरपूरच्या दर्शनाचे पास. भावाला तिकडे ड्युटी लागली की आमच्या घरचा फोन बंद ठेवावा लागतो. वारकरी बारा-पंधरा तास रांगेत आणि "आपल्या ओळखीनं" साहेबांच्या सासूबाई पाच मिनिटांत पायावर. त्यात पैसा कुठेच नाही. तरी मला ते चादरीपेक्षा वाईट वाटतं.


वकील_पार्कचौक | मंगळवार, दुपारी ४:०५

मंगळवेढेकरीणताई, एजन्सीसाठी वेगळा धागा काढा, त्यावर लिहायला माझ्याकडे बरंच आहे.

फौजी, तुम्हाला काय करायचं ते थोडक्यात. रोख रक्कम आजच परत, दोन माणसांसमोर, पोच घेऊन. पोच देत नसेल तर बँकेतून त्याच्या खात्यावर, सोबत पत्र. चादरी त्याच पत्रात नमूद करून परत. घेत नसेल तर कार्यालयप्रमुखांना लेखी कळवून त्यांच्या ताब्यात. आणि त्या पत्रातच विनंती करा की हे एक बिल दुसऱ्या टेबलाकडे वर्ग करावं. ही शेवटची ओळ विसरू नका, सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत पेन्शनसुद्धा पुढच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मिळते. वीस चादरींसाठी हे सगळं टांगणीला लावू नका.


संयोजक | मंगळवार, संध्याकाळी ६:००

धागा चालू ठेवतोय, पण कार्यालयांची नावं, ठेकेदारांची नावं, गाड्यांचे नंबर टाकू नका. दोन प्रतिसाद काढले आहेत. नोकरीत असलेल्या सभासदांनी आपापलं बघून लिहावं. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनानं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या वाचा. शासनाच्या धोरणावर टीका, वर्दी आणि सरकारी गाडीसोबतचे रील, हे सगळं त्यात येतं.


शेंगाचटणी | मंगळवार, संध्याकाळी ६:०४

माझं नाव शेंगाचटणीच आहे, आधारकार्डावर पण.


फौजी_होटगीरोड | पंचवीस दिवसांनी, शनिवार, रात्री १०:३०

लग्न झालं. सगळं नीट पार पडलं. उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

काय झालं ते सांगतो. अनामिकाताईंचं लिहिलेलं मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या मंडळी काही बोलल्या नाहीत. उठून पाकिटावरचं हळदकुंकू पदरानं पुसलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी आतेभावाला घेऊन ठेकेदाराकडे गेलो. पाकीट घेतलं त्यानं, पोचही दिली, पण चेहरा पडला. म्हणाला, "फौजी, तुमच्या वडिलांनी आमच्या वडिलांना असं केलं असतं का?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या टेबलावर तुझ्या वडिलांचं बिल नव्हतं." चादरी मात्र घेईना. "दिलेली चादर परत घेतली तर मी माणूस नाही," यावरच अडून बसला. परत घरी आणल्या.

मग अर्ज लिहिला. कार्यालयप्रमुख म्हणाले, "कशाला कागद करताय, वाटून टाका ना शिपायांना." मी म्हटलं, साहेब, मला आवक क्रमांक हवाय. त्यांनी माझ्याकडे, मी लष्करातून काही आजार घेऊन आलोय अशा नजरेनं बघितलं. पण क्रमांक दिला. बिल दुसऱ्या टेबलाला वर्ग झालं. चादरींची पंचासमोर मोजणी झाली, गठ्ठ्याला चिठ्ठी लावली, "नग २०", आणि त्या भांडाराच्या कपाटात गेल्या. त्याचं बिल आठव्या दिवशी निघालं. म्हणजे माझ्याकडे लागले असते तेवढेच दिवस लागले.

शाखेत आता माझ्यासमोर कोणी मिठाईचा बॉक्स उघडत नाही. उघडतात, पण मी चहाला गेल्यावर.

तात्या, तुमच्यासाठी एक: तो लग्नाला आला. मला वाटलं नव्हतं. अक्षता टाकल्या, पंगतीत बसला, आहेराच्या टेबलावर जाऊन टॉवेल-टोपी आणि एकशे एक रुपये लिहून दिले. मोठ्यानं नाव सांगून लिहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्याकडे बघून हसला नाही, पण बघितलं. सोमवारी मी तेही लेखी कळवलं. आस्थापनेच्या मॅडम पोट धरून हसल्या, पण शिक्का मारला.


तात्या_मोहोळ | शनिवार, रात्री १०:४४

टॉवेल-टोपी ठेवलीत ना?


फौजी_होटगीरोड | शनिवार, रात्री १०:५२

ठेवली. टोपी घातलीय आत्ता.

एक राहिलं. काल भांडाराची चावी माझ्याकडे आली होती, सहज गठ्ठा मोजला. चिठ्ठी आहे तशीच आहे, नग २०. चादरी अठरा भरल्या.


शेंगाचटणी | शनिवार, रात्री १०:५३

यंदा थंडी जरा जास्तच आहे हो.